प्रकाश पिलातावर आणि येशू अंधारात : निकोलाय गे यांचं ‘सत्य म्हणजे काय?’

कोरांटी

बरेच महिने लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं मॉस्कोत होतो, तिथला हिवाळा संपता संपत नाही, आणि मला त्या दिवसांत एकच सवय लागली, त्रेत्याकोव्ह गॅलरीत जाऊन बसायची. कोट काउंटरला द्यायचा, टोकन घ्यायचं आणि दोन-तीन तास आत. सुरुवातीला सगळे बघतात तीच चित्रं बघितली, रेपिनची, सुरिकोव्हची. मग एक दिवस एका दालनातून नुसती पलीकडे जात होते आणि एका चित्रापाशी पाय थांबले ते थांबलेच.

चित्र मोठं आहे, उंची २३३ सेंमी, रुंदी १७१. दोनच माणसं. एक जण जवळजवळ पाठमोरा उभा आहे, भरलेली मान, बारीक कापलेले केस, अंगावर रोमन झगा आणि त्या झग्यावर असं ऊन पडलंय की कापड तापलेलं जाणवतं. त्याने हात पुढे उडवलाय, आपण "हे काय आता नवीन" असं म्हणताना उडवतो ना, अगदी तसा. आणि समोर भिंतीला लागून, सावलीत, दुसरा. काटकुळा, केस विस्कटलेले, हात मागे बांधलेले, आणि तो उन्हातल्या माणसाकडे बघतोय. उन्हाचा पट्टा फरशीवर दोघांच्या मध्ये येऊन पडलाय.

उन्हातला पंतय पिलात, रोमचा सुभेदार. सावलीतला येशू. चित्राचं नाव ‘सत्य म्हणजे काय?’, साल १८९०, चित्रकार निकोलाय गे. (आडनावच गे, आजोबा फ्रान्समधून रशियात आलेले.) योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात हा प्रसंग येतो. येशू म्हणतो मी सत्याची साक्ष द्यायला आलोय, पिलात विचारतो सत्य काय आहे, आणि उत्तरासाठी न थांबता बाहेर निघून जातो. गे यांनी नेमका तोच क्षण पकडलाय, प्रश्न विचारून झालाय आणि विचारणारा निघायच्या बेतात आहे.

मी पहिल्या दिवशी समोर उभी राहिले तर वरच्या दिव्याची चमक वॉर्निशवर येऊन येशूचा चेहरा धड दिसेना, नुसता तपकिरी अंधार. तिकडे प्रत्येक दालनात एक आजी खुर्ची टाकून बसलेल्या असतात, लक्ष ठेवायला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग उठल्या, माझ्या कोपराला धरून मला चार पावलं बाजूला नेलं आणि हाताने खूण केली, आता बघ. आणि चेहरा दिसला. डोळे सुजल्यासारखे, खोल गेलेले, पण रोखलेले. राग नाही त्यात, विनवणी तर नाहीच नाही. त्याला ठाऊक आहे की समोरच्याला उत्तर नकोय. मला खरंच गलबलून आलं. मी हिंदू घरातली, बायबल शाळेत असताना कुणी वाटलं होतं तेवढंच चाळलेलं, तरी त्या दिवशी घरी येऊन तो अख्खा अध्याय वाचून काढला.

आता या चित्राचं पुढे काय झालं ते सांगते कारण ते ऐकून माझा जीव फार तुटतो. फेब्रुवारी १८९० मध्ये हे सेंट पीटर्सबर्गला पेरेद्विझ्निकी चित्रकारांच्या प्रदर्शनात लागलं. पेरेद्विझ्निकी म्हणजे ‘फिरते’ चित्रकार, चित्रं गावोगावी नेऊन दाखवणारी मंडळी, आणि १८७० मध्ये ही संस्था ज्यांनी उभी केली त्यांत गे स्वतः होते. लोकांनी बघितलं, गोंधळ उडाला, हा कसला येशू म्हणून. पोबेदोनोस्त्सेव्ह म्हणून चर्चच्या कारभारावर झारने नेमलेला बडा अधिकारी होता, त्याने झार तिसऱ्या अलेक्झांडरला पत्र लिहिलं की हे चित्र म्हणजे धर्माची विटंबना आहे. झारलाही चित्र किळसवाणं वाटलं. झालं, चित्र प्रदर्शनातून उतरवलं, रशियात फिरवायलाही बंदी. आणि याच माणसाचं १८६३ चं ‘शेवटचं भोजन’ आधीच्या झारने, म्हणजे या झारच्या वडिलांनी, स्वतः विकत घेतलं होतं! सत्तावीस वर्षांत चित्रकार तोच, विषयही तोच, आणि मान कुठून कुठे आला बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे चित्र श्रद्धेच्या विरोधात नाही, उलट मी बघितलेल्या धार्मिक चित्रांमधलं हे सगळ्यात श्रद्धेचं आहे. आतापर्यंत प्रत्येक चित्रकाराने उजेड देवावर टाकला, म्हणजे बघणाऱ्याला शोधावं लागत नाही. गे यांनी तो सत्तेवर टाकला, कारण जगात तो तिथेच पडलेला असतो, आणि बघणाऱ्यावर विश्वास ठेवला की हा अंधारातला माणूस तुम्ही ओळखाल. नेटवर चित्र सहज सापडेल, मोठं करून बघा आणि सांगा तुम्हाला काय वाटतं ते.

रानभूल

वाचून लगेच चित्र शोधलं. ताई खरं सांगू का, मला पहिल्या नजरेत झारचं पटलं. म्हणजे बंदी नव्हे, पण तो धक्का. हा येशू कुठल्याही स्टेशनबाहेर झोपलेल्या माणसासारखा दिसतोय. आपल्याकडे कुणी विठोबा असा काढला तर वारकरी माणसाला कसं वाटेल? देवाच्या रूपात काहीतरी असं पाहिजे ना की हात जोडले जातील. तुकोबांना ते ध्यान ‘सुंदर’ वाटलं म्हणून ते त्यात रमले. लेख मात्र मनापासून आवडला.

सुकेळी

धाग्याचं नाव बघूनच आत आले. मी वसईची, कॅथलिक. आमच्या चर्चमध्ये भिंतीवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं आहेत, सगळ्याच चर्चमध्ये असतात, आणि उपवासकाळात दर शुक्रवारी आम्ही एकेका चित्रापाशी थांबून प्रार्थना म्हणत पुढे सरकतो. पहिलंच चित्र हे, पिलात येशूला मरणाची शिक्षा देतो. आमच्याकडच्या चित्रात पिलात सिंहासनावर बसून हात धुतोय आणि येशू पांढऱ्या झग्यात ताठ उभा, चेहऱ्यामागे सोनेरी वलय. मी लहानपणापासून शेकडो वेळा त्या चित्रासमोर गुडघे टेकलेत आणि आज कोरांटीताईंचा धागा वाचून पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, रात्री बागेत पकडलेला माणूस, रात्रभर या घरातून त्या घरात ओढत नेलेला, तोंडावर थुंकलेले, मारलेला, तो सकाळी इतका इस्त्रीतला कसा असेल?

रानभूल, तुमचा मुद्दा मला समजतो, माझ्या घरातले मोठे पण हेच म्हणतील. पण आमच्याकडेच गुड फ्रायडेला बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं एक वाचन असतं, त्यात म्हटलंय की त्याला रूप नव्हतं, त्याच्याकडे बघावं असं त्याच्यात काही नव्हतं, लोकांनी त्याच्यापासून तोंड फिरवलं. ते आम्ही दर वर्षी ऐकतो आणि मग वर नजर करून सुंदर मूर्तीकडेच बघतो. गे यांनी ते वाचन नुसतं ऐकलं नाही, काढून दाखवलं.

कुंचला

मी चित्रकला शिकवतो, कोल्हापुरात. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो की चित्रात जिथे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद एकमेकांना भिडतात तिथे डोळा आधी जाणार, म्हणून मुख्य पात्र तिथे ठेवा. गे यांनी ती जागा पिलातला दिली. म्हणजे डोळा आपसूक त्याच्याकडे जातो, त्याच्या झग्यावर फिरतो, मग हातावरून घसरत समोर, आणि तिथे अंधारात कुणीतरी आहे हे नंतर कळतं. आपण येशूपर्यंत पिलातच्या हाताने पोचतो. हे चुकून होत नाही महाराजा, हे फार विचाराने रचलेलं आहे. आणि रंग लावायची पद्धत बघा, पिलातच्या झग्याच्या चुण्या घट्ट बांधलेल्या, त्याला वजन आहे, तर येशूच्या कडा भिंतीत विरघळतायत.

हा खेळ त्यांचा जुना आहे. ‘शेवटचं भोजन’ मध्ये दिवा आपल्याला दिसतच नाही, तो निघून चाललेल्या यहूदाच्या, म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या शिष्याच्या, आड आहे, म्हणून यहूदा नुसती काळी आकृती झालाय आणि त्याच्यामागून उजेड बाकीच्यांच्या तोंडावर पडतोय. तेव्हा उजेड अडवणारा माणूस काढला, सत्तावीस वर्षांनी उजेडात उभा असूनही न दिसणारा माणूस काढला.

एक तुलना सुचली. १८९० च्याच सुमारास राजा रविवर्मा बडोद्याच्या सयाजीरावांसाठी पुराणातली चौदा चित्रं पूर्ण करत होते. तिथेही देवाला माणसाचं अंग, माणसाची कातडी, खरं कापड, खरं ऊन. तेच तैलरंग, तीच युरोपातून आलेली विद्या. पण रविवर्म्यांनी माणसाला देवाच्या तेजात नेलं आणि गे देवाला माणसाच्या धुळीत घेऊन आले. दोन्ही मला प्यारे आहेत, कमीजास्त लावत नाही.

कोरांटी

कुंचला सर, "पिलातच्या हाताने पोचतो" हे मी एवढ्या वेळा बघूनही मला शब्दात सापडलं नव्हतं, आभार.

सुकेळी, तुम्ही जे रात्रभराचं लिहिलंत ते वाचून मी दचकले, कारण टॉलस्टॉयने जवळपास हेच लिहून ठेवलंय. गे आणि टॉलस्टॉय यांची मैत्री हा या चित्राचा कणा आहे. १८८२ मध्ये गे यांनी मॉस्कोच्या खानेसुमारीवर टॉलस्टॉयने लिहिलेला लेख वाचला, त्यात शहरातल्या गरिबीची हकीकत होती, आणि ते वाचून ते गाव सोडून थेट मॉस्कोला त्याला भेटायला निघाले. पुढे त्या घरात त्यांना सगळे आजोबाच म्हणायचे, टॉलस्टॉयपेक्षा तीन वर्षांनी लहान असून! चित्रावर बंदी आल्यावर टॉलस्टॉयने जॉर्ज केनन या अमेरिकन लेखकाला पत्र लिहून चित्र समजावून सांगितलं, की पिलात म्हणजे आपल्या सैबेरियातले गव्हर्नर असतात तसाच एक, त्याला रोमच्या कामाशी मतलब, आणि हा रात्रभर छळलेला माणूस त्याला सत्याबद्दल सांगायला बघतोय हेच त्याला हास्यास्पद वाटतं. केनन सैबेरियात कैद्यांच्या वसाहती बघून आलेला होता म्हणून त्याला हा दाखला.

आणि त्रेत्याकोव्हला लिहिलेलं पत्र तर! पावेल त्रेत्याकोव्ह म्हणजे ज्याच्या नावाने गॅलरी आहे तो कापडाचा व्यापारी, रशियन चित्रं जमवण्यात आयुष्य घातलेला सज्जन माणूस. त्याने हे चित्र आधी घेतलं नव्हतं. टॉलस्टॉयने त्याला सरळ सुनावलं की तुम्ही मोती हातचा जाऊ नये म्हणून उकिरडाच्या उकिरडा गोळा करत बसलात, आणि आता त्यात खरा मोती समोर आलाय तर नेमका तोच सोडताय. एवढं लागट पत्र येऊनही त्रेत्याकोव्ह रागावला नाही, त्याने चित्र विकत घेतलं. आज मी ते बघू शकले ते या एका पत्रामुळे आणि ते पत्र मनाला न लावून घेणाऱ्या माणसामुळे. मला तर या गोष्टीत त्रेत्याकोव्ह पण तेवढाच मोठा वाटतो, स्वतःला न पटलेली गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावर सांभाळून ठेवायला मोठं मन लागतं.

वर्धेकर

टॉलस्टॉय म्हटल्यावर राहवलं नाही. माझे आजोबा सेवाग्रामच्या पंचक्रोशीतले, सूतकताई आणि संडास सफाई दोन्ही आयुष्यभर केलेले, त्यामुळे आमच्या घरी टॉलस्टॉय हे नाव कादंबरीकार म्हणून नव्हतं, ‘अंगमेहनतीची भाकरी खा’ म्हणणारा माणूस म्हणून होतं. गांधीजींनी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म काढला तो यातूनच, आणि तिथून ते सगळं वर्ध्यापर्यंत आलं.

कोरांटीताई, गे हे चुली बांधायचे असं मी कुठेतरी ओझरतं वाचलंय, ते खरं आहे का? चित्रकार माणूस गवंडीकाम करायचा?

कोरांटी

हो दादा, अगदी खरं! १८७० च्या दशकात त्यांना पीटर्सबर्गचा कंटाळा आला, कर्जही झालं होतं, मग १८७६ मध्ये त्यांनी चेर्निहिवकडे, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, एक छोटी वाडी विकत घेतली आणि बायकोला घेऊन तिथे राहायला गेले. शेती करायचे, मांस सोडलं, आणि पेच बांधायला शिकले. पेच म्हणजे रशियन घरातली विटांची मोठी चूल, ती नुसती स्वयंपाकाची नसते, अख्खं घर त्यावर तापतं, म्हातारी माणसं तिच्यावरच झोपतात, थंडीत ती नीट नसेल तर माणूस मरतो. गे आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे जाऊन ती बांधून द्यायचे, आणि हे काम त्यांना पवित्र वाटायचं. विटांची धूळ आणि चिखल अंगावर घेऊन घरी यायचे, बायको आन्ना पेत्रोव्हना वैतागायची, तिला हे टॉलस्टॉय प्रकरण फारसं पटलेलं नव्हतं, आणि मी तरी तिला दोष देणार नाही, घरचा सगळा व्याप शेवटी तिच्यावरच येऊन पडला होता. ती १८९१ मध्ये गेली.

मला नेहमी वाटतं की ज्याने दिवसभर दुसऱ्याच्या घरात चूल बांधलीय तोच संध्याकाळी असा येशू काढू शकतो. तो ज्या शेतकऱ्यांकडे जायचा ते साहेबासमोर कसे उभे राहतात, कुठे बघतात, हात कुठे ठेवतात हे त्याने रोज बघितलेलं होतं.

प्रश्नचिन्ह

चर्चा चांगली चाललीय, एक अडचणीचा प्रश्न विचारतो, कुणाला दुखवायचं नाहीये. टॉलस्टॉय चमत्कार मानत नव्हता, मेलेला येशू पुन्हा उठला हेही मानत नव्हता, चर्चने त्याला १९०१ मध्ये बाहेर काढलं. गे त्याच वाटेचे. मग हे ‘धार्मिक’ चित्र कसं? हे तर एका नीतिमान माणसाच्या छळाचं चित्र झालं. सॉक्रेटिसचंही असंच काढता आलं असतं. पोबेदोनोस्त्सेव्हची बंदी चूक, पण त्याला जे खटकलं ते त्याच्या जागी बरोबरच खटकलं, कारण या चित्रात देव नाहीये.

सुकेळी

प्रश्नचिन्ह, दुखवलं वगैरे नाही, उलट हाच प्रश्न मी काल रात्री अंथरुणात पडून विचारत होते. मी विश्वास ठेवणारी आहे, पुनरुत्थान मानते, इस्टरला पहाटे चर्चमध्ये असते. तरी मला या चित्रात देव दिसतो आणि तो नेमका तिथेच दिसतो जिथे तुम्हाला दिसत नाही. आमचा विश्वासच असा आहे की देव इतका खाली उतरला की ओळखू येईना. तो ओळखू येत असता तर पिलात असा हात उडवून निघून गेला असता का? चित्रकाराने देव मानला की नाही हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. त्याने जे बघितलं ते खरं बघितलंय.

रानभूल

सुकेळी, तुमचा प्रतिसाद वाचून मी चित्र परत उघडलं. मी वर विठोबाचं लिहिलं होतं, पण आपल्याकडेही आहेच की, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा, कावडी वाहणारा देव, घरातल्या कुणालाच ओळखू आला नाही. ती गोष्ट आपण किती गोड करून सांगतो, पण बारा वर्षं पाणी वाहिलेल्या गड्याचे खांदे कसे झाले असतील हे मी आजवर मनात आणलं नव्हतं. माझं पहिलं मत मी मागे घेते.

कोरांटी

रानभूल, श्रीखंड्या! हे इतकं जवळचं मला कसं सुचलं नाही.

प्रश्नचिन्ह, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे वादाचं उत्तर नाही, फक्त पुढची गोष्ट आहे. या चित्रावर बंदी आली म्हणून गे थांबले नाहीत. १८९१ मध्ये ‘सदसद्विवेक’ काढलं, यहूदाचं, तो निळ्या चांदण्यात पाठमोरा उभा आहे आणि लांब रस्त्यावर येशूला पकडून नेणारे लोक दिसतायत. त्याला पुढेही जाता येत नाही आणि परतही फिरता येत नाही. १८९२ मध्ये ‘सान्हेद्रिनचा निवाडा’ (सान्हेद्रिन म्हणजे येशूला दोषी ठरवणारी यहुद्यांची धर्मसभा), तेही प्रदर्शनात ठेवू दिलं नाही. आणि मग नुसता वधस्तंभ, पुन्हा पुन्हा, अनेक वर्षं, काढायचे आणि मोडायचे. १८९२ चं एक आज पॅरिसला ओर्से संग्रहालयात आहे. १८९३ चं ‘गोल्गोथा’, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं ती टेकडी, त्रेत्याकोव्हमध्ये आहे, अर्धवट राहिलेलं. त्यात येशू दोन्ही हातांनी डोकं धरून उभा आहे, एका बाजूला एक चोर भीतीने डोळे फाटलेला, दुसऱ्या बाजूला एक तरुण पोरगा मान खाली घालून, पायाशी क्रूस पडलेला, आणि डाव्या कडेने फक्त एक हात चित्रात शिरलाय, हुकूम देणारा, माणूस नाही, नुसता हात. परत हातच बघा कुंचला सर! पिलातचा हात निदान एका माणसाचा होता.

शेवटचं ‘क्रूसावर’ १८९४ चं. ते मॉस्कोत एका ठिकाणी खाजगीत ठेवलं होतं आणि टॉलस्टॉय बघायला आला, बघून रडला, गेंना मिठी मारली. पीटर्सबर्गच्या प्रदर्शनातून ते पण उतरवलं, झार म्हणाला हा तर खाटीकखाना आहे. गे यांना हवं तेच होतं ते, लोकांनी हळवं होऊन सुस्कारे सोडावेत हे त्यांना नको होतं, ढसाढसा रडावं असं वाटत होतं. त्यानंतर काही महिन्यांत, जून १८९४ मध्ये, वाडीवर घरी परतल्यावर ते वारले, त्रेसष्ट वर्षांचे होते. वाडीवरच बायकोशेजारी त्यांना पुरलंय.

ते १८९४ चं चित्र आज नाहीच. मुलाने बापाची कामं जपण्यासाठी परदेशात नेली, शेवटी तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला, तो गेल्यावर सगळं कुठे कुठे पांगलं. फोटोत तेवढं शिल्लक आहे. आणि १९७० च्या दशकात जिनिव्हाच्या जुन्या बाजारात एका माणसाला गेंच्या रेखाटनांचा गठ्ठा मिळाला, जुन्या बाजारात, भांड्याकुंड्यांच्या शेजारी! ती रेखाटनं २०११ मध्ये त्रेत्याकोव्हला परत आली. मी त्यांच्या छापील प्रती बघितल्यात, कोळशाचे फराटे, घाईघाईने ओढलेले, तोच चेहरा पुन्हा पुन्हा. ज्याला देवाशी काही देणंघेणं नाही तो माणूस असा एका चेहऱ्याच्या मागे लागत नाही, असं मला तरी वाटतं.

कुंचला

गोल्गोथामधला हात... बरोबर आहे तुमचं. उद्या वर्गात दोन्ही चित्रं शेजारी लावतो.

अवांतर नाही, माहितीत भर : ‘सत्य म्हणजे काय?’ चा एक्स-रे झालाय ना? त्याखाली दुसरं चित्र आहे असं ऐकून आहे. ते वापरलेलं कापड होतं का?

कोरांटी

हो सर, आणि मी ते शेवटी लिहायचं म्हणून ठेवलं होतं. खाली त्यांचंच ‘दया’ नावाचं चित्र आहे, १८८० मध्ये प्रदर्शनात लागलेलं. टीका फार झाली आणि नंतर ते चित्र गायबच झालं. विषय असा, बागेतल्या उन्हात एक खात्यापित्या घरची तरुण मुलगी, तिने वाटेने चाललेल्या एका फाटक्या माणसाला पाणी दिलंय आणि तो जाताना ती बघतेय, की हा ख्रिस्त तर नव्हता? "मी तान्हेला होतो, तुम्ही मला प्यायला दिलंत" हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाक्य आहे ना, त्यावर. मग एक्स-रेत दिसलं की ते फाडलं नव्हतं, त्यावरच पिलात आणि येशू रंगवलेत.

म्हणजे दहा वर्षांपूर्वी एका मुलीने ज्याला पाणी देऊन ओळखायचा प्रयत्न केला, तोच माणूस, त्याच कापडावर, आता अधिकाऱ्यासमोर उभा आहे. मी हे कळल्यानंतर परत गेले तेव्हा नुसती त्या फरशीवरच्या उन्हाकडे बघत राहिले. त्या उन्हाखाली ती मुलगी आहे.

वर्धेकर

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

सुकेळी

धागा वर काढतेय, सांगायचं राहिलं होतं. मी चित्राची रंगीत प्रिंट काढून घेतली, ए-थ्री, आणि रविवारी मिसा करून आल्यावर आईला दाखवली. आई ऐंशीच्या पुढे आहे, सकाळ-संध्याकाळ रोझरी चुकवत नाही. मला धाकधूक होती की ती रागावेल, म्हणून चित्रात कोण आहे हे मी सांगितलंच नाही, नुसतं समोर धरलं. तिने चष्मा पुसला. उन्हातल्या बाप्याकडे बघितलं नाही म्हटलं तरी चालेल, कागद डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळवला, आणि सावलीतल्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून म्हणाली, "याला रात्रभर झोपू नाय दिला गं कोणी."

मग विचारलं, "पाणी तरी दिला का?"